तिसरी हाक

"मोठ्यानं म्हण बरं."

असं म्हणून सर चष्मा कपाळावर सरकवायचे, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचं पहिलं बोट वर धरायचे. मग आपण संगणकावरचं वाक्य मोठ्यानं वाचायचं. वाक्य पसंत पडलं तर ते बोट टेबलावर टक्कन आपटायचं, टाइपरायटरची कळ दाबावी तसं. नाही पडलं तर बोट वरच राहायचं, आणि मिटल्या डोळ्यांनीच सर विचारायचे, "हे कुणाला सांगतोय आपण?"

त्या वर राहिलेल्या बोटाचा मी जेवढा धसका घेतला, तेवढा आमच्या कंपनीतल्या कुठल्याही साहेबाचा घेतला नाही.

गारखेड्यात, राहत्या घराच्याच पुढच्या खोलीत, त्यांची टायपिंगची संस्था होती. अजिंठ्याकडच्या शेतकरी घरातला हा माणूस. भाऊ शेतावर राहिले आणि हे शहरात येऊन टाइपरायटरच्या प्रेमात पडले. पुढे यंत्रं भंगारात गेली, त्यांच्या जागी संगणक आले. एकच यंत्र सरांनी खिडकीशी ठेवून दिलं होतं आणि त्यावर त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, जुन्या साडीचं शिवलेलं झाकण घातलं होतं. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, असं कुणी विचारलं की सर ते झाकण उचलायचे.

"याला झाकण आहे, पण कुलूप नाय. बिघडलं की मी उघडायचो, दुरुस्त करायचो, शेजारच्यालाबी शिकवायचो. बाजारात विकत घेता ना तुम्ही, त्याला कुलूप असतं. आपलं बिनकुलुपाचं."

फुकट मिळतं म्हणून आलेला माणूस एवढं ऐकून, चहा पिऊन निघून जायचा. एखाद्याला मात्र ते झाकण उचलणं लागून राहायचं. तो पुढच्या रविवारी परत यायचा. मी परत आले.

चिकलठाण्याच्या एका कंपनीत मी प्रोग्रॅम तपासण्याची नोकरी करते. दुसऱ्यांनी केलेलं मोडून बघायचं आणि कुठे मोडलं ते सांगायचं, एवढंच माझं काम. सरांना याची फार गंमत वाटायची. "हिला पगार देऊन मोडायला बसवलंय," असं ते नव्या माणसाला माझी ओळख करून देताना सांगायचे.

आमचं रविवारचं काम त्याच्या उलट होतं. जगभर विखुरलेली माणसं हे बिनकुलुपाचे प्रोग्रॅम लिहितात, आणि आम्ही त्यांतली वाक्यं मराठीत आणायचो. बटणांवरचे शब्द, सूचना, इशारे. प्रत्येक भाषेसाठी एक माणूस नेमलेला असतो. त्याने शेवटची खूण केली तरच त्या भाषेतलं काम पुढे जातं. आमच्या मराठीचा तो माणूस म्हणजे सर. बाकी आम्ही चार-पाच जण, त्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान भावावर टाकून येणारा इरफान सगळ्यांत नेमाने यायचा. ताटलीत भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला, त्यावर चहा, आणि एकेका वाक्यावरून भांडण. मध्येच काकूंनी आतून "पाणी आलं!" अशी आरोळी दिली की सभा बरखास्त. मग जगाला मुक्त करायला निघालेले आम्ही सगळे हातात बादल्या घेऊन टाकीपर्यंत रांग लावायचो.

"हे कुणाला सांगतोय आपण?" याचं उत्तर मात्र ठरलेलं होतं. सर स्वयंपाकघराकडे हात करायचे. "हिला. तुझ्या काकूला कळलं तर सगळ्यांना कळलं."

"म्हंजे मला काय कळत नाय, असं सांगताय का पोरांना?" आतून काकू.

"तसं नाय गं. तू लक्ष देऊन ऐकतीस, असं सांगतोय."

 त्या दिवशी सुशीलावर खोबरं जास्त पडायचं.

काकूंनी संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो लहान मुलांच्या चित्रं काढायच्या एका प्रोग्रॅमसाठी. सरांनीच बसवलं. काकू त्यात ठिपक्यांची रांगोळी काढायला लागल्या. एकदा रांगोळी एवढी मोठी झाली की ती ओढता ओढता पडद्यावरच्या कागदाबाहेर गेली आणि प्रोग्रॅम कोसळला. वर अक्षरं आली: "घातक त्रुटी. प्रोग्रॅम बंद होत आहे." तापल्या तव्याला हात लागावा तशा काकू मागे झाल्या. "मी काय केलं हो? मोडलं का?" एवढंच विचारलं आणि उठून गेल्या, त्या कितीतरी दिवस त्या खोलीत आल्या नाहीत.

सरांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "त्रुटी! कुणाच्या घरात म्हणतात त्रुटी? अन् घातक? माझ्या घरात, माझ्या बायकोला, घातक म्हणतंय हे!" ते जुनं मराठी आमच्याही आधी कुणीतरी केलेलं होतं. सरांनी ते काढलं आणि नवं लिहिलं: "घाबरू नका. काहीतरी चुकलंय, पण चूक तुमची नाही. तुमचं काम सुरक्षित आहे."

मी ते मोठ्यानं वाचलं. बोट खाली येणार एवढ्यात मी माझ्या पोटापाण्याच्या धंद्याला जागून बोलले, "सर, पण काम सुरक्षित नसतंच. चित्र पुसलं जातं."

बोट वरच राहिलं. "मग वाक्य खोटं झालं."

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? वाक्य बदललं असतं. सरांनी प्रोग्रॅम बदलायला घेतला. स्वतःला तो लिहिता येत नव्हता, म्हणून दूरदेशी बसलेल्या मूळ लेखकाला त्यांनी ई-मेलने पत्र लिहिलं. एका भाषेतल्या एका वाक्यासाठी प्रोग्रॅम बदलत नसतात, असं त्याचं उत्तर आलं. सरांनी परत लिहिलं. सोबत काकूंनी अंगणात काढलेल्या रांगोळीचा फोटो जोडला आणि कळवलं की अशीच एक रांगोळी तुमच्या प्रोग्रॅमात बुडाली, ती काढणारी बाई घाबरली आहे. बरीच पत्रं झाली. शेवटी तो माणूस नमला. आता तो प्रोग्रॅम कोसळायच्या आधी चित्र जपून ठेवतो आणि मगच तोंड उघडतो. तो का कोसळतो, ते त्यालाही सापडलं नाही, पण कुठल्या कुठल्या देशांतल्या लेकरांची चित्रं वाचली. वाक्य खरं झालं.

काकूंना सरांनी हाताला धरून परत संगणकापुढे बसवलं. रांगोळी कागदाबाहेर ओढायला लावली. प्रोग्रॅम कोसळला, वाक्य आलं, काकूंनी ते अक्षराला अक्षर लावून वाचलं. "हां, असं सांगा की मग," त्या म्हणाल्या, आणि सरांचं बोट टक्कन टेबलावर आलं.

अशा कामात माणसं येतात तशी गप्पही होतात. पगार नाही, बांधिलकी नाही. एखादा वर्षभर झटून काम करतो आणि एक दिवस त्याची पत्रं येणं थांबतं. त्याच्या खुणेशिवाय काम पुढे जात नाही, म्हणून सगळीकडे एक रीत आहे: दोनदा पत्र लिहून विचारायचं, उत्तर आलं नाही तर त्याची जागा मोकळी करून दुसऱ्याला द्यायची. सरांनी त्यात स्वतःची भर घातली होती. ते या पत्रांना हाका म्हणायचे, आणि दोन हाकांनंतर त्यांची तिसरी असायची. "तिसरी हाक तोंडानं मारायची. माणूस आहे तो, पोस्टाची पेटी नाय."

नागपूरकडचा एक मुलगा असाच गप्प झाला होता. सरांनी कुठून कुठून त्याचा नंबर मिळवला आणि आम्हा सगळ्यांसमोर फोन लावला. त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते. सर बराच वेळ बोलले. वडील काय खातात, झोप लागते का, तुला कुणी बदलीला आहे का. कामाचं अवाक्षर नाही. अगदी शेवटी म्हणाले, "जागा मोकळी करतो बरं का बाळा. दार उघडं आहे. कधीबी ये." फोन ठेवल्यावर चष्मा पुसत आम्हाला म्हणाले, "जागा अडवून ठेवायची नाय. माझीबी नाय. ध्यानात ठेवा."

आम्ही तेव्हा हसलो होतो.

गेल्या हिवाळ्यात सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. नुसता आवाज नाही, शब्दच गेले. काकूंना ते हाक मारू शकत नव्हते. पाणी हवं असलं तरी पाणी म्हणता येत नव्हतं. ज्या माणसाने एका शब्दासाठी आमचे रविवारचे रविवार खाल्ले, त्याच्या डोळ्यांत आता हवा तो शब्द शोधण्याची नुसती धडपड दिसायची. ते बघवत नव्हतं. मी जिन्यात जाऊन रडून यायची.

पहिल्या दिवशी दवाखान्याच्या दारावर वॉचमनने मला आणि इरफानला अडवलं. "पेशंटचे कोण तुम्ही?"

काय सांगणार? जात एक नाही, गाव एक नाही, नोकरी एक नाही. आम्ही एकत्र वाक्यं वाचतो, हे नातं त्याच्या वहीत कुठल्या रकान्यात बसणार होतं?  इरफान शांतपणे म्हणाला, "भाचा हूं उनका. अन् ही भाची."

वॉचमनने एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "दोघं?"

"हौ. दोघंबी."

त्याने सोडलं. जिना चढताना इरफान पुटपुटला, "झूट कहां बोल्या मैं?" त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी या लोकांची आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, मी रविवारी एका कामाला जाते.

सरांना घरी आणलं. संस्थेच्या त्याच खोलीत, खिडकीशी, त्या झाकलेल्या यंत्राशेजारी खाट टाकली. आम्ही रविवारी तिथेच जमू लागलो. काकूच म्हणाल्या, "वाचा ह्यांच्यासमोर. कानावर पडू द्या." आम्ही मोठ्यानं वाचायचो आणि सर मान हलवायचे. हो. पुढचं वाक्य. हो. काय आनंद झाला होता आम्हाला! शब्द गेले तरी पारख शिल्लक आहे, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. काकू सरांचं डावं बोट हातात धरून कळीवर ठेवायच्या आणि खूण व्हायची. जगाच्या लेखी मराठीचा माणूस अजून जागेवर होता.

एवढी वर्षं ज्याने पहिल्या फटक्यात कशालाच हो म्हटलं नाही, तो आता सगळ्यालाच हो म्हणतोय, हे आमच्या ध्यानात यायला हवं होतं. पण यावं असं आम्हाला वाटतच नव्हतं.

हर्सूलच्या एक शिक्षिका, वैशालीताई, तेव्हा नव्यानेच यायला लागल्या होत्या. चित्रांच्या त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती त्यांना शाळेतल्या मुलांसाठी मराठीत हवी होती, म्हणून त्यांनी पुष्कळ काम करून आणलं होतं. जुनं भांडण त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी सरळ, स्वच्छ आवाजात वाचलं, "फाइल उघडताना त्रुटी आढळली."

मी सरांकडे पाहिलं. आता बोट वर येईल. निदान कपाळाला आठी पडेल.

सरांनी मान हलवली. हो.

इरफानने मान खाली घातली. वैशालीताई आमच्या तोंडांकडे बघत राहिल्या, आपलं काय चुकलं ते त्यांना कळेना. काकूंनी मात्र सरांचं बोट उचलायला हात पुढे केलाच नाही. त्या म्हणाल्या, "बास करा आता. हे हो म्हणतायत ते आपल्याला बरं वाटावं म्हणून."

सर काकूंकडे बघून हसले आणि त्यांनी परत मान हलवली.

त्यानंतर महिनाभर खूण झालीच नाही. वैशालीताईंचं काम पडून राहिलं, आणखी दोघा-तिघांचंही. मराठीचं कोण बघतं, अशी बाहेरून विचारणा आली. रीत सगळ्यांना ठाऊक होती आणि सरांनंतर ती पाळायची जबाबदारी माझ्यावर होती. इरफान भडकला. "उनके जीते जी? नक्को. बिल्कुल नक्को. काम गया खड्डे में." मलाही तेच वाटत होतं. सरांची जागा मोकळी करायची म्हणजे सर आता परत येणार नाहीत, हे आपल्या हाताने लिहून द्यायचं. कुणाला होणार होतं ते?

निकाल काकूंनी दिला. "त्यांचं काय म्हणणं होतं? जागा अडवायची नाय. मग करा त्यांच्या पद्धतीनं. हाका मारा."

पहिली हाक मी लिहिली. "सर, बरे आहात ना? बऱ्याच दिवसांत तुमची खूण नाही." खाटेवर उशाशी ठेवलेला सरांचा फोन वाजला, असं काकूंनी नंतर सांगितलं. त्यांनी ते पत्र सरांना वाचून दाखवलं. दुसरं पत्र लिहून मी ऑफिसात टेबलावर डोकं टेकून बसले होते. शेजारचा विचारत होता, बरं नाही का. तेही काकूंनी वाचून दाखवलं.

तिसरी तोंडानं.

उन्हं उतरायला लागली होती. मी खाटेजवळ खुर्ची ओढून बसले. इरफान येणार नाही म्हणाला होता, पण दारात उभा होता. काकू पायथ्याशी. मी मोठ्यानं म्हणाले, जशी इतकी वर्षं म्हणत आले तशी.

"सर, मी हाक मारतेय. झोप लागते ना तुम्हाला? काकू तुमच्यासाठी मऊ भात करतात, तो खाता ना? सर, तुमची जागा मी मोकळी करतेय. दार उघडं आहे. कधीही या."

सरांनी डोळे मिटले. आणि त्यांचा डावा हात चादरीवरून हळूहळू उचलला गेला. पहिलं बोट वर झालं. 

आम्ही थांबलो. ते बोट खाली येईल म्हणून मी जितकी आस लावून बसले, तितकी आयुष्यात कशाची लावली नाही. टक्कन नको, नुसतं चादरीवर टेकलं तरी चाललं असतं. सर, वाक्य खरं आहे हो. आवडलं नसेल, पण खोटं नाही.

बोट खाली आलं नाही. थोड्या वेळाने सरांचा श्वास लांब झाला आणि त्यांना तशीच झोप लागली. काकू उठल्या. त्यांनी ते बोट अलगद खाली घेतलं आणि आपल्या मुठीत धरून बसून राहिल्या.

घरी येऊन मी सरांच्या जागी वैशालीताईंचं नाव घातलं; सगळ्यांत जास्त काम त्यांचंच होतं. सरांचं नाव आधीच्या माणसांच्या यादीत गेलं. वैशालीताईंच्या वाक्यातल्या 'त्रुटी'चं परत 'चूक' केलं.

उन्हाळा संपता संपता सर गेले. खांदा देणाऱ्यांत अजिंठ्याकडचे भाऊ होते, पुतणे होते आणि इरफान होता. तो कोण, असं तिथे कुणीच विचारलं नाही.

मी चार ओळी लिहून सगळीकडे कळवलं. दूरदेशीच्या त्या प्रोग्रॅमच्या लेखकाचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं की रांगोळीचा तो फोटो त्याच्याकडे अजून आहे. बातमी कळल्यापासून तो पुन्हा त्या जुन्या चुकीच्या मागे लागला होता आणि शेवटी ती त्याला सापडली. दुरुस्ती सोबत जोडली होती. "त्यांच्या पत्नीला सांगा, रांगोळी आता कितीही लांब ओढली तरी प्रोग्रॅम पडणार नाही." ते वाचून मी ढसाढसा रडले. आमच्या लोकांची दुःख कळवायची ही पद्धत. हार पाठवत नाहीत, चूक दुरुस्त करून पाठवतात.

ती दुरुस्ती पेनड्राइव्हवर घेऊन मी गारखेड्याला गेले. दार उघडंच होतं. खाट हलवलेली, खिडकीशी एकटं यंत्र. काकू संगणकापुढे बसल्या होत्या, सरांच्या खुर्चीत. पडद्यावर ठिपक्यांची रांगोळी. मी आल्याचं त्यांना कळलं नाही. त्यांनी रांगोळी धरली आणि मुद्दाम, सावकाश, कागदाबाहेर ओढली. प्रोग्रॅम कोसळला. काकू पुढे वाकल्या आणि अक्षराला अक्षर लावून, मोठ्यानं वाचायला लागल्या.

"घाबरू नका. काहीतरी चुकलंय, पण चूक तुमची नाही. तुमचं काम सुरक्षित आहे."

मग मला पाहून ओशाळल्या. पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "वेडी म्हणशील मला. पण एवढं एकच आहे गं त्यांचं, मला बोललेलं. बाकी सगळं जगाला."

मी त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसले. चुका शोधून काढण्याचा मला पगार मिळतो, आणि ही तर सापडलेली, दुरुस्त झालेली चूक होती. पुढे वैशालीताईंच्या शाळेत मी ती दुरुस्ती टाकली, इरफानच्या दुकानात टाकली. काकूंच्या संगणकावर टाकली नाही; प्रोग्रॅम पडलाच नाही तर ते वाक्य यायचं कुठून? पेनड्राइव्ह पर्समध्येच राहू दिला.

"चहा टाकू का गं?" काकूंनी विचारलं.

"थांबा जरा काकू," मी म्हणाले. "अजून एकदा ओढा ना."

काकूंनी प्रोग्रॅम परत उघडला. रांगोळी होती तशी समोर आली, एक ठिपकाही पुसलेला नव्हता. त्यांनी ती धरली आणि कागदाबाहेर ओढली.